स्पेस स्टेशन आणि सॅटेलाइट्सचे फोटो कसे काढायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाला आलेली माणसं, शाळेतली मुलं, नवीन कॅमेरा घेतलेले मित्र, सगळ्यांकडून तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा नीट लिहून काढलं. उदाहरणं पुण्या-मुंबईच्या अक्षांशाची आहेत, पण महाराष्ट्रात आणि गोव्यात कुठेही थोड्याफार फरकाने हेच लागू होतं. एक गोष्ट आधीच सांगतो, या छंदात महागड्या कॅमेऱ्यापेक्षा योग्य वेळी योग्य दिशेला तोंड करून उभं असणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते फुकट आहे.

जे सरकताना दिसतं ते सॅटेलाइटच आहे, विमान नाही, हे कसं ओळखायचं?

विमानाला लाल-हिरवे दिवे असतात आणि पांढरा दिवा ठरावीक अंतराने लुकलुकतो. सॅटेलाइटला स्वतःचा दिवा नसतो, त्याच्यावर पडलेलं ऊन आपल्याला दिसतं, म्हणून ते एकसारखं, शांतपणे सरकतं. आवाज अजिबात नाही. इंटरनॅशनल स्पेस स्टेशन (आयएसएस) तर इतकं तेजस्वी असतं की चांगल्या पासला, म्हणजे ते आपल्या आकाशातून एकदा पार होतं तेव्हा, गुरूपेक्षा उजळ आणि कधीकधी शुक्राच्या तोडीचं दिसतं. ते नेहमी पश्चिमेकडच्या बाजूने उगवतं आणि पूर्वेकडे जातं, वायव्येकडून आग्नेयेला किंवा नैर्ऋत्येकडून ईशान्येला.

मग रात्री बारा वाजता का दिसत नाही?

कारण तेव्हा ते पृथ्वीच्या सावलीत असतं. आपल्याकडे अंधार हवा आणि त्याच वेळी वर ४०० किलोमीटरवर ऊन हवं, हे दोन्ही एकत्र फक्त सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जुळतं. हिशोब केला तर सूर्य क्षितिजाखाली साधारण २० अंश जाईपर्यंत डोक्यावरच्या स्टेशनला ऊन मिळतं, म्हणजे आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर सव्वा ते दीड तास. पश्चिमेच्या आकाशात अजून थोडं उशिरापर्यंत. युरोपात उन्हाळ्यात सूर्य फार खोल जातच नाही म्हणून तिथले लोक रात्रभर पास बघतात, ते वाचून आपल्याकडे मध्यरात्री गच्चीवर जाऊन बसू नका.

संध्याकाळच्या पासला एक सुंदर गोष्ट घडते, स्टेशन आकाशाच्या मधोमध असतानाच सावलीत शिरतं, काही सेकंदात तांबूस होत विझतं. स्टेशनवरच्या लोकांसाठी तो सूर्यास्त असतो, त्यांना दिवसातून सुमारे सोळा मिळतात कारण एक फेरी ९२-९३ मिनिटांत होते. शटर काही सेकंद उघडं ठेवलं की फोटोत सरकत्या स्टेशनची रेघ उमटते, ही रेघ हळूहळू बारीक होत संपलेली दिसली की समजायचं, आपण पृथ्वीच्या सावलीची कड टिपली.

पासची वेळ कुठून कळते?

हेवन्स-अबव्ह ही वेबसाइट आणि तिचं अॅप मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. नासाचं स्पॉट द स्टेशन आहे, आयएसएस डिटेक्टर आहे, कॉम्प्युटरवर स्टेलॅरियम आहे. काहीही वापरा पण तीन गोष्टी तपासा. लोकेशन आपलंच आहे ना, वेळ भारतीय आहे ना (काही ठिकाणी युटीसी असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे), आणि टीएलई ताजं आहे ना. टीएलई म्हणजे त्या सॅटेलाइटच्या कक्षेचे आकडे, दोन ओळींचे. स्पेस स्टेशन अधूनमधून इंजिन पेटवून आपली कक्षा उचलतं, मग आठवड्याभरापूर्वीचे आकडे चुकायला लागतात. नुसत्या रेघेच्या फोटोला थोडा फरक चालतो, चंद्रावरून जाताना पकडायचं असेल तर अजिबात चालत नाही.

यादीत खूप पास दाखवतंय, कोणता निवडू?

जास्तीत जास्त उंची (क्षितिजापासून किती अंश वर) आणि मॅग्निट्यूड (किती तेजस्वी) हे दोन आकडे बघा. मॅग्निट्यूड उणे असेल तितकं चांगलं, उणे ३ म्हणजे झकास. उंचीबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे, लोक ८५ अंशाच्या पासमागे धावतात कारण ते सगळ्यात तेजस्वी, पण ते बरोबर डोक्यावरून जातं आणि फ्रेममध्ये खाली काहीच घेता येत नाही. मला ४० ते ६० अंशांचा पास आवडतो. कमान पूर्ण दिसते, खाली देऊळ, दीपमाळ, किल्ल्याची सोंड, आंब्याचं झाड काहीतरी घेता येतं आणि फोटोला ठिकाण मिळतं.

स्टेशनचे संध्याकाळचे पास काही दिवस सलग मिळतात, मग बंद होतात, मग पहाटेचे सुरू होतात. आज ढग आले तर हळहळू नका, उद्या-परवा बहुतेक परत आहे.

मोबाईलवर जमेल का?

हो, जमेल. प्रो मोड (सगळी सेटिंग स्वतः ठरवता येतात तो) असलेला फोन, छोटा ट्रायपॉड, आणि सेल्फ टायमर. फोकस इन्फिनिटीवर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० च्या आसपास, शटर (किती वेळ प्रकाश आत घ्यायचा) १० सेकंद. हातात धरून मात्र नाही, फोन विटेला टेकवून ठेवलात तरी चालेल पण हात लावू नका. नाइट मोड स्वतःच काही फोटो जुळवतो आणि त्यात कधीकधी रेघेचे तुकडे होतात किंवा रेघच पुसली जाते, म्हणून प्रो मोड बरा.

डीएसएलआर किंवा मिररलेसला सेटिंग काय ठेवू?

इथे जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

लेन्स वाइड घ्या, १४ ते २४ मिमी. किटसोबत आलेली १८-५५ असेल तर १८ वर ठेवा, तीही चालते. सगळं मॅन्युअल, फॉरमॅट रॉ (कॅमेऱ्याने काटछाट न केलेली मूळ फाइल). फोकससाठी लाइव्ह व्ह्यू चालू करून एखादा ठळक तारा दहा पट मोठा करा, रिंग हळूहळू फिरवून तो बारीकात बारीक टिंब करा, मग ऑटोफोकस बंद, आणि रिंगला परत हात नाही. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशनही बंद. हे सगळं पासच्या निदान वीस मिनिटं आधी उरकायला हवं कारण स्टेशन आल्यावर हातपाय गडबडतातच, सगळ्यांचे.

आता एक्स्पोजर. शटर वाढवलं की रेघ जास्त उजळ येईल असं बहुतेकांना वाटतं, पण तसं होत नाही. स्टेशन डोक्यावर असताना सेकंदाला जवळपास एक अंश सरकतं, म्हणजे सेन्सरच्या एका पिक्सलवर त्याचा प्रकाश क्षणभरच पडतो, तुम्ही शटर दहा सेकंद उघडं ठेवा नाहीतर तीस, रेघेचा उजळपणा तितकाच राहतो, फक्त लांबी वाढते. रेघ उजळ करायची असेल तर अॅपर्चर (लेन्सचं तोंड, एफचा आकडा लहान तितकं मोठं) किंवा आयएसओ वाढवा. शटरने वाढतो तो मागच्या आकाशाचा उजेड. म्हणून शहरात शटर लहान ठेवायचं आणि भरपूर फोटो काढून नंतर जोडायचे. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून एफ ४, आयएसओ ४००, ८ ते १० सेकंद इथून सुरुवात करा, आकाश पिवळं-पांढरं व्हायला लागलं की शटर कमी करा. भंडारदऱ्यासारख्या अंधाऱ्या जागी एफ २.८, आयएसओ ८००, २० सेकंद आरामात जातं, किंवा आयएसओ १०० वर एकच तीन-चार मिनिटांचं एक्स्पोजर.

जोडायला सिक्वेटर किंवा स्टारस्टॅक्स, दोन्ही फुकट आहेत. फोटोशॉप असेल तर सगळे लेअर्स लाइटन मोडला टाका, झालं.

माझी रेघ तुटक तुटक येते, का?

दोन फोटोंमधल्या वेळात स्टेशन पुढे निघून जातं म्हणून. इंटरव्हलोमीटरला (ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारं यंत्र) एक सेकंदाची गॅप ठेवलीत तर तेवढ्यात ते एक अंश पुढे, म्हणजे दोन पूर्णचंद्रांएवढं अंतर रिकामं. कॅमेरा कंटिन्युअस मोडला टाका, शटर ठरवून द्या आणि रिलीज केबलचं बटण दाबून लॉक करा, गॅप जवळजवळ दिसेनाशी होते. अजून एक, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन मेनूत जाऊन बंद करा, ते चालू असलं की कॅमेरा दहा सेकंदांच्या फोटोनंतर दहा सेकंद नुसता बसून राहतो आणि अर्धा पास हातातून जातो.

त्यासाठी शहराबाहेर जायलाच हवं का?

स्पेस स्टेशनसाठी नाही, पुण्यात भर डेक्कनवरूनही छान येतं. अंधारी जागा लागते ती मंद सॅटेलाइट्ससाठी आणि मागे तारे हवे असतील तर. मुंबईचे हौशी लोक पूर्वीपासून वांगणीला जातात, पुण्याचे नाणेघाट, भंडारदरा. विदर्भातल्यांना पेंच आहे, २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. एकट्याने जाण्यापेक्षा संस्थेबरोबर जा, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, तिथे अनुभवी माणसं मनापासून शिकवतात.

चंद्र असला तरी घाबरू नका. आकाशगंगेच्या फोटोला चंद्र त्रास देतो पण स्टेशनच्या फोटोत तोच खालचा किल्ला उजळवतो.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे खरंच अवघड. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला २६ जूनला स्टेशनवर पोचले आणि १४ जुलैला निघाले, भारतीय माणूस तिथे आहे म्हणून सगळ्यांना बघायचं होतं आणि नेमका भर पावसाळा. तरीही उघडीप मिळते, आणि पावसाने धुतलेली हवा इतकी स्वच्छ असते की अर्ध्या तासाची फट मिळाली तरी सोडू नका. ढगांच्या दोन थरांमधून गेलेली रेघ मला तर जास्त आवडते. खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. थंडीत लेन्सवर दव धरतं, हॅंड वॉर्मर रबरबँडने लेन्सला बांधून ठेवा.

स्पेस स्टेशन सोडून अजून काय काय टिपता येतं?

खूप काही. चीनचं तियांगोंग स्टेशन आहे, त्याचा पहिला भाग एप्रिल २०२१ मध्ये गेला, आता तेही चांगलं ठळक दिसतं. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ४१.५ अंशांनी कललेली आहे त्यामुळे आपल्याकडून ते भरपूर उंच जातं.

आणि हबल! हे आपलं भाग्य आहे आणि फार कमी लोक त्याचा फायदा घेतात. हबल टेलिस्कोपची कक्षा फक्त २८.५ अंश कललेली आहे, म्हणजे लंडनच्या माणसाला ती दुर्बीण जवळजवळ कधीच क्षितिजावर येत नाही, आणि आपण मात्र ती डोक्यावरून जाताना बघतो. साधारण ध्रुवताऱ्याइतकी उजळ असते. १९९० पासून वर आहे, आपण लहानपणापासून जिचे फोटो बघितले तिचाच फोटो आपण काढायचा, मला तरी या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

स्टेशनकडे जाणारी यानंही पकडता येतात. सोयूझ, प्रोग्रेस, ड्रॅगन जोडलं जाण्याच्या आधी किंवा सुटल्यानंतर स्टेशनच्या मागे-पुढे काही अंतरावर एक मंद ठिपका त्याच वाटेने जातो. बातम्यांत डॉकिंगची वेळ बघा आणि त्याच्या आसपासचा पास साधा, एकाच फ्रेममध्ये दोन रेघा येतात.

फेकून दिलेले रॉकेटचे भाग गोलांट्या खात फिरतात, त्यांची रेघ ठळक-फिकी-ठळक अशी येते. दोन ठळक ठिपक्यांमधलं अंतर मोजून ते किती सेकंदांत चमकतं ते काढता येतं, मुलांना गणित म्हणून द्यायला उत्तम. उत्तर-दक्षिण जाणारी मंद सॅटेलाइट्स बहुतेक पृथ्वीचे फोटो काढणारी असतात, आपली कार्टोसॅटही त्यातलीच.

ती एका ओळीत जाणारी दिव्यांची माळ काय असते?

स्टारलिंक. पहिली ६० एकदम सोडली ती मे २०१९ मध्ये, आणि लगेच नेदरलँड्समधल्या मार्को लांगब्रुक या निरीक्षकाने त्या माळेचा व्हिडिओ घेतला तो जगभर फिरला. लाँचनंतरचे पहिले काही दिवस माळ दाट दिसते, मग ती वर चढतात, पांगतात आणि मंद होतात. फोटोला शटर लहान ठेवा, २-३ सेकंद, म्हणजे प्रत्येकाची वेगळी छोटी रेघ येईल, दहा सेकंद ठेवलं तर सगळ्या मिळून एकच जाड ओळ होते.

दिसायला छान आहे हे खरं, पण अशा हजारो वस्तू वर गेल्यामुळे मोठ्या वेधशाळांच्या कामात अडथळा येतोय आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते. तरी, किंवा म्हणूनच, फोटो काढावेत असं माझं मत आहे. आजचं आकाश कसं होतं याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी.

इरिडियम फ्लेअर अजून दिसतात का?

नाही. १९९७ पासून सोडलेल्या जुन्या इरिडियम सॅटेलाइट्सचे अँटेना आरशासारखे चकचकीत होते, त्यामुळे काही सेकंद डोळे दिपतील असा लखलखाट व्हायचा. २०१७ ते २०१९ मध्ये नवीन पिढी आली, तिची रचना वेगळी आहे, जुनी बहुतेक खाली आणली.

चंद्रावरून किंवा सूर्यावरून जाणारं स्टेशन कसं पकडायचं?

हा या छंदातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आनंदाचा भाग. फ्रान्सच्या थिएरी लेगो यांनी मे २००९ मध्ये अटलांटिस शटल आणि हबल एकत्र सूर्यावरून जाताना टिपलं होतं, हबलच्या दुरुस्तीला यान गेलं होतं तेव्हा.

स्टेशन उंचावर असेल तर चंद्राची अख्खी थाळी ते जेमतेम अर्ध्या सेकंदात ओलांडतं. आणि जमिनीवर हे फक्त एका पट्ट्यातून दिसतं, चंद्र डोक्यावर असेल तर तो पट्टा चारेक किलोमीटर रुंद, म्हणजे कोथरूडला दिसेल आणि हडपसरला नाही. आयएसएस ट्रान्झिट फाइंडर नावाची साइट पट्टा नकाशावर काढून देते. आदल्या दिवशी बघा, त्याच दिवशी परत बघा, पट्टा सरकलेला असतो. शक्यतो मध्यरेषेवर जाऊन उभे राहा.

लेन्स निदान ४००-६०० मिमी. ६०० मिमीला सेन्सरवर चंद्र साडेपाच मिलिमीटरचा येतो आणि स्टेशन फक्त ०.१६ मिलिमीटरचं, तेही ते जवळ असेल तर. तरी सोलर पॅनेलचा एच सारखा आकार ओळखू येतो. शटर १/१००० किंवा त्याहून जलद, नाहीतर आकार पसरतो. पौर्णिमेच्या आसपास आयएसओ ८०० ने सुरुवात करा. डोळ्याने बघून बटण दाबायचं मनातही आणू नका, घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवा आणि दिलेल्या वेळेच्या चार-पाच सेकंद आधी बर्स्ट (एकामागून एक भराभर फोटो) सुरू करा. कॅमेऱ्याचा बफर (फोटो तात्पुरते साठवायची जागा) लवकर भरत असेल तर व्हिडिओ घ्या, ६० फ्रेमला तीसेक चित्रं मिळतात.

सूर्याबद्दल मात्र कडक सांगतो. लेन्सच्या पुढच्या बाजूला सूर्यासाठीच बनवलेली फिल्टर फिल्म हवी, बाडरची अॅस्ट्रोसोलर किंवा तशीच, आणि ती वाऱ्याने उडणार नाही अशी घट्ट बसवलेली. एक्स-रे फिल्म, काळी काच, गॉगल, सीडी यातलं काहीही नाही. फिल्टर नसताना ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. फाइंडरस्कोपवर (टेलिस्कोपला नेम धरण्यासाठी लावलेली छोटी दुर्बीण) झाकण लावा. लहान मुलं आसपास असतील तर एक मोठं माणूस फक्त त्यांच्याकडे लक्ष द्यायला ठेवा.

टेलिस्कोपमधून स्टेशनचा आकार खरंच दिसतो?

दिसतो. स्टेशन १०९ मीटर लांब आहे, ४०० किलोमीटरवर असताना ते सुमारे ५६ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्कसेकंद) दिसतं, म्हणजे गुरूच्या बिंबापेक्षाही जरा मोठं. मोटर लागतेच असं नाही, साध्या बैठकीवरची ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण हाताने ढकलत, फाइंडरच्या क्रॉसवर स्टेशन ठेवत व्हिडिओ घेतात. फाइंडर आणि मुख्य नळी आधी एखाद्या ताऱ्यावर अगदी काटेकोर जुळवा, फोकसही तिथेच पक्का करा. १२०० मिमी फोकल लेंग्थ आणि २.९ मायक्रॉन पिक्सलचा कॅमेरा असेल तर स्टेशन शंभरेक पिक्सलचं येतं. शटर १/१००० किंवा कमी, गेन (आयएसओसारखंच सेटिंग) कमी, कारण स्टेशन फार उजळ असतं आणि पटकन पांढरं होऊन तपशील जातात. हजारो फ्रेम्सपैकी काही डझनांत स्टेशन असतं आणि त्यातल्या चार-पाच चांगल्या. पिप नावाचं सॉफ्टवेअर त्या फ्रेम्स शोधून मध्यभागी आणून देतं. प्रॅक्टिससाठी दिवसा लांबवर उडणाऱ्या घारींचा पाठलाग करा, सूर्यापासून लांबच्या दिशेला.

इस्रोची सॅटेलाइट्स टिपता येतील का?

येतात, आणि यातली एक पद्धत मला फार आवडते. टीव्हीवर ढगांची चित्रं येतात ती काढणारी इन्सॅट मालिका भूस्थिर आहे, ३५,७८६ किलोमीटरवर, पृथ्वीबरोबरच फिरते म्हणून आपल्याला आकाशात एकाच जागी. इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि पुणंही जवळपास त्याच रेखांशावर, म्हणून पुण्याहून ते बरोबर दक्षिणेला सुमारे ६८ अंश उंचीवर असतं. डोळ्यांना दिसत नाही, फार मंद आहे. पण अंधाऱ्या जागी १००-२०० मिमी लेन्स ट्रायपॉडवर स्थिर ठेवून, ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं यंत्र) न वापरता, ३० सेकंदांचे फोटो काढा. तारे रेघा होतात आणि भूस्थिर सॅटेलाइट टिंबच राहतं! विषुवदिनाच्या आसपास, मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ती जास्त चमकतात, आणि त्याच दिवसांत मध्यरात्रीच्या सुमाराला पृथ्वीच्या सावलीत जाऊन तासभर गायबही होतात. आज ढग असतील का हे ज्याच्या चित्रावरून आपण ठरवतो त्यालाच फोटोत पकडायचं.

मी मृग नक्षत्राचा फोटो काढला, त्यात मधे रेघा आल्या. ही तीच का?

बहुतेक तीच. आपल्या अक्षांशावरून भूस्थिर सॅटेलाइट्सचा पट्टा खगोलीय विषुववृत्ताच्या तीन अंश दक्षिणेला दिसतो, म्हणजे मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या किंचित खाली आणि तेजोमेघाच्या किंचित वर. ट्रॅकर ताऱ्यांबरोबर फिरतो म्हणून इथे उलटं, तारे टिंब आणि सॅटेलाइट्सच्या रेघा. काढून टाकायच्या असतील तर पंधरा-वीस तरी फ्रेम्स घ्या आणि सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकरमध्ये सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेम्सशी न जुळणारे पिक्सल वगळणारी पद्धत) लावा, एखाद्याच फ्रेममध्ये आलेली रेघ आपोआप गळते.

आकाशात जळत जाणारे तुकडे दिसले, उल्का का सॅटेलाइट?

उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते. तुकडे होत, शेपट्या सोडत, सावकाश मिनिटभर आडवं जात असेल तर ते बहुधा वातावरणात शिरलेलं रॉकेट किंवा सॅटेलाइट. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात हजारो लोकांनी हेच बघितलं, ते चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचे अवशेष होते असं निरीक्षकांनी ताडून पाहिलं आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला मोठी धातूची कडी येऊन पडली. असं दिसलं तर झूम करू नका, फोन आडवा धरा, फ्रेममध्ये एखादी इमारत किंवा झाड येऊ द्या म्हणजे नंतर दिशा काढता येते. जमिनीवर तुकडा सापडला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, त्यात विषारी इंधन उरलेलं असू शकतं.

फोटोसोबत काय लिहून ठेवायचं?

तारीख, एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ सेकंदापर्यंत, जागेचे अक्षांश-रेखांश, लेन्स, शटर, आणि कुठल्या दिशेला कॅमेरा होता. कॅमेऱ्याचं घड्याळ दर वेळी निघण्याआधी मोबाईलशी जुळवा कारण ते हळूहळू मागे-पुढे होतंच. एवढं असेल तर अनोळखी रेघसुद्धा नंतर हेवन्स-अबव्ह किंवा स्टेलॅरियममध्ये ती वेळ टाकून ओळखता येते, आणि रेघेच्या दोन टोकांची ताऱ्यांमधली जागा मोजून कक्षाही ताडता येते, जगभरचे हौशी लोक गुप्त सॅटेलाइट्सचा माग असाच काढतात. रॉ फाइल डिलीट करू नका, नुसता व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो ठेवलात तर त्यातली वेळ निघून जाते.